वर्कफ्लोमधून एलडॅपवर पासवर्ड तपासायचाय, पण काही केल्या जुळत नाही

शंकासुर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

अंतर्गत विनंत्यांसाठी एक स्वयंचलित वर्कफ्लो बांधलाय. माणूस फॉर्ममध्ये युजरनेम-पासवर्ड भरतो, वर्कफ्लोने ते डिरेक्टरी सर्व्हरवर (सगळ्यांची खाती असतात तो, त्याच्याशी एलडॅप या प्रोटोकॉलने बोलतात) तपासायचं, बरोबर असेल तर पुढची पायरी, नसेल तर विनंती परत. सांगायला दोन ओळींचं काम, मी तीन दिवस अडकलोय.

टूलमध्ये एलडॅपचा तयार नोड (एका पायरीचा ठोकळा) आहे. त्यात सर्च आहे, कम्पेअर आहे, नोंद घालणं-काढणं आहे. "हा पासवर्ड बरोबर आहे का" असं विचारायची सोय मात्र कुठेच सापडत नाही. आधी सर्चमध्ये पासवर्डचं ॲट्रिब्यूट (नोंदीतला रकाना) मागितलं, ते रिकामंच येतं. मग कम्पेअर लावून फॉर्ममधला पासवर्ड यूजरपासवर्ड ॲट्रिब्यूटशी ताडला, तर उत्तर कायम "नाही". माझा स्वतःचा पासवर्ड, दिवसातून दहादा टाकतो तो, त्यालाही "नाही"!

सर्व्हर ओपनएलडॅप आहे, शिवाय एका विभागाची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची) वेगळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या
एलडॅपमध्ये पासवर्ड वाचून ताडत नाहीत हो. सर्व्हरवर तो सॉल्ट घातलेल्या हॅशच्या, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या सांकेतिक रूपात पडलेला असतो. कम्पेअर बिचारं तुमचा साधा पासवर्ड त्या हॅशशी अक्षर न् अक्षर लावून बघतं, जुळणार कुठून? ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तर पासवर्डच्या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिता येतं, पण वाचता कुणालाच येत नाही. ॲडमिनलासुद्धा.

तपासायचं म्हणजे त्या माणसाच्या नावाने बाइंड, म्हणजे सर्व्हरवर लॉगिन, करून बघायचं. आधी सर्व्हिस अकाउंटने (स्क्रिप्टसाठीचं वेगळं खातं) बाइंड करा, युजरनेमवरून सर्च मारून त्या माणसाचा डीएन (डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता) मिळवा, मग तो डीएन आणि फॉर्ममधला पासवर्ड घेऊन पुन्हा बाइंड. झालं तर पासवर्ड बरोबर. तुमच्या नोडमध्ये एकदाच साठवलेल्या क्रेडेन्शियलने बाइंड होत असणार, दर खेपेला नव्या माणसाच्या नावाने करायची सोय नसणार. म्हणून वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागेल. पायथॉनमध्ये वीसेक ओळी.

आणि कृपा करून डीएन हाताने जोडून बनवू नका. "यूआयडी (युजरनेमचा रकाना) = युजरनेम, पुढे ठरलेली शेपटी" असं करणारे खूप पाहिलेत. माणूस एका विभागातून दुसऱ्या विभागात गेला की शेपटी बदलते, आणि त्या दिवसापासून त्याचा बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो.

शंकासुर
खटपट्या, साष्टांग नमस्कार. तासाभरात चाललं! बरोबर पासवर्डला सक्सेस, चुकीच्याला ४९ नंबरची एरर. उद्या लाइव्ह करतो.

रात्रपाळी
उद्या नको. आधी युजरनेम खरं टाकून पासवर्डची चौकट रिकामी ठेवून बघा.

शंकासुर
अरे देवा.

साहेबांच्या युजरनेमने, पासवर्ड न टाकता, सक्सेस आलं. हे कसं शक्य आहे?

रात्रपाळी
कारण नियमातच तसं आहे. आरएफसी ४५१३ (एलडॅपच्या नियमांचा दस्तऐवज) काढून कलम ५.१.२ वाचा. डीएन भरलेला आणि पासवर्ड शून्य लांबीचा असा बाइंड आला, तर त्याला "अनऑथेंटिकेटेड बाइंड" म्हणतात. सर्व्हरच्या लेखी त्याचा अर्थ "मी अनामिक आहे, डीएन फक्त लॉगमध्ये टिपण्यापुरता देतोय" एवढाच. सर्व्हर त्याला अनामिक म्हणून आत घेतो आणि सक्सेस म्हणतो. तो खोटं बोलत नाही, आपण त्याचा अर्थ भलताच लावतो.

त्याच कलमात असंही म्हटलंय की सर्व्हरने मुळात असे बाइंड ५३ नंबरच्या एररने नाकारावेत, आणि क्लायंटने रिकामा पासवर्ड पाठवूच नये. ओपनएलडॅपमध्ये हे बंदच असतं, तुमच्याकडे कुणीतरी कधीतरी मुद्दाम चालू केलेलं दिसतंय. ॲक्टिव्ह डिरेक्टरी मात्र सहसा सक्सेस देते. म्हणून सर्व्हरच्या भरवशावर राहू नका. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत रिकामा पासवर्ड अडवा, सर्व्हरपर्यंत जाऊच देऊ नका.

लायब्ररीवरही विसंबू नका. पायथॉनमधली एलडॅप-थ्री असा पासवर्ड पाहून स्वतःच एरर फेकते, पायथॉन-एलडॅप निमूटपणे पुढे पाठवते. उद्या कुणी लायब्ररी बदलली की भोक परत उघडं.

निवांत
+१. मी हे एका जुन्या पोर्टलवर याचि डोळा पाहिलंय. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पासवर्ड रिकामा ठेवून बटण दाबायचं कुणाला सुचणार? वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

शंकासुर
रिकामा पासवर्ड अडवला. बाइंडनंतर "मी कोण" हे सर्व्हरलाच विचारायची सोयही सापडली, ती जोडली. अनामिक असलं तर उत्तर रिकामं येतं.

आता लाइव्ह? 😅

जुनी_खोड
शंकासुर, तुमच्या स्क्रिप्टमध्ये उत्तरं किती आहेत? दोन असतील तर अजून थांबा.

"बरोबर" आणि "चूक" यांच्या शेजारी तिसरं उत्तर असतं: "कळलंच नाही". सर्व्हर बंद आहे, नेटवर्क तुटलंय, सर्टिफिकेटची मुदत संपलीय, सर्व्हिस अकाउंटचाच पासवर्ड बदललाय. नवशिकी स्क्रिप्ट या सगळ्याला एकाच ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर झेलायची रचना) कोंबते आणि माणसाला "तुमचा पासवर्ड चुकला" असं सांगते. माणूस पुन्हा टाकतो, पुन्हा टाकतो, शेवटी कंटाळून पासवर्ड रीसेट करून घेतो. मूळ दोष मात्र मध्येच बसलेल्या एका फायरवॉलचा.

४९ आला तरच "चूक" म्हणा. ५१ म्हणजे सर्व्हर कामात आहे, ५२ म्हणजे उपलब्ध नाही, आणि कनेक्शनच झालं नाही तर प्रोटोकॉलचा नंबर येतच नाही. हे सगळं "कळलं नाही" च्या खात्यात. सर्व्हिस अकाउंटच्या बाइंडला ४९ आला तर तोही याच खात्यात, कारण तिथे चूक तुमची आहे, फॉर्म भरणाऱ्याची नाही.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ४९ च्या पोटात आणखी एक कोड असतो. संदेशाच्या मजकुरात "डेटा" या शब्दापुढे बघा. ५२ई म्हणजे पासवर्ड चुकला, ५२५ युजर सापडला नाही, ५३२ पासवर्डची मुदत संपली, ५३३ अकाउंट बंद, ७०१ अकाउंटची मुदत संपली, ७७३ पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलायलाच हवा, ७७५ अकाउंट लॉक. यात एक गंमत आहे: ५३२, ५३३, ७०१ आणि ७७३ हे पासवर्ड बरोबर असेल तेव्हाच येतात. म्हणजे "४९ आला, पासवर्ड चुकला" हे वाक्यसुद्धा पूर्ण खरं नाही. ७७३ वाल्या माणसाला "पासवर्ड चुकला" म्हणालात तर तो डोकं आपटून घेईल, कारण त्याने आत्ताच मिळालेला नवा पासवर्ड काळजीपूर्वक टाकलेला असतो.

हे कोड लॉगमध्ये ठेवा, पडद्यावर दाखवू नका. ५२५ आणि ५२ई यांतला फरक बाहेर कळला की कुठली युजरनेमं खरी आहेत हे कुणालाही बसल्या बसल्या चाळून काढता येतं.

खटपट्या
ताई, मस्त. एक भर घालतो: रिट्राय.

वर्कफ्लो टूलमध्ये प्रत्येक नोडला "फसल्यास पुन्हा प्रयत्न" अशी खूण असते, आणि आपण सवयीने ती सगळीकडे लावतो. तीन प्रयत्नांची लावली, आणि पाच चुका झाल्या की लॉक असं धोरण असलं, तर माणसाने दोनदा चुकीचा पासवर्ड टाकला की सर्व्हरला सहा चुका दिसतात. माणूस म्हणतो मी दोनदाच चुकलो, ॲडमिन म्हणतो लॉगमध्ये सहा आहेत. दोघंही खरं बोलतायत.

असाच प्रकार दोन सर्व्हरांचा. पहिल्याने ४९ दिला म्हणून दुसऱ्याला विचारणं म्हणजे चूक दुप्पट मोजणं. दुसऱ्याकडे जायचं ते पहिला बोलतच नसेल तेव्हा.

निवांत
"पासवर्ड बदलून टाकला तरी आमच्या एका कामाचं अकाउंट रोज पहाटे लॉक होतं" या कोड्याने एकदा आम्हाला आठवडाभर नाचवलं होतं. एका विसरलेल्या मशीनवर जुना पासवर्ड घेऊन बसलेली स्क्रिप्ट दर पहाटे इमानेइतबारे पाच वेळा दार ठोठावत होती. तिच्या निष्ठेला तोड नाही.

बिनटोप्याची_पेन
एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे ३८९ पोर्टवर साधं कनेक्शन आहे, सगळं आतल्याच नेटवर्कवर. टीएलएसची (कनेक्शन कूटबद्ध करायची) खटपट खरंच लागते का?

रात्रपाळी
लागते. सिम्पल बाइंडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा, उघडा जातो. हॅश वगैरे काही नाही. मधल्या कुठल्याही मशीनवर पॅकेट पकडणारा तो सरळ वाचतो. आणि तुमचा वर्कफ्लो एकाच ठिकाणाहून सगळ्यांचे पासवर्ड पाठवतो, म्हणजे ऐकणाऱ्याला फार फिरावंही लागत नाही.

"आमचा सर्व्हर उघडे बाइंड नाकारतो" यावरही निर्धास्त होऊ नका. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ८ नंबर देऊन नाकारते, ओपनएलडॅप १३ देऊन. पण नकार येतो तोवर पासवर्ड तारेवरून जाऊन पोचलेला असतो! अडवायचं ते क्लायंटनेच.

६३६ वर सुरुवातीपासून टीएलएस, किंवा ३८९ वर स्टार्ट-टीएलएस (आधी साधं जोडून मग टीएलएस चालू करणं), दोन्ही चालतं. स्टार्ट-टीएलएस घेतलंत तर ते फसल्यावर स्क्रिप्ट थांबते का ते बघा. ओपनएलडॅपच्या कमांडमध्ये एक झेड दिला तर "जमलं तर टीएलएस, नाहीतर तसंच पुढे", दोन झेड दिले तर "जमलंच पाहिजे". एका अक्षराने केवढा फरक.

आणि सर्टिफिकेट तपासणी. एलडॅप-थ्री मध्ये ती आपणहून चालू नसते, सांगावी लागते. तपासणीशिवायचं टीएलएस म्हणजे खोलीचं दार लावून आत कोण बसलंय ते न बघता गुपित सांगणं.

नावात_काय
माझा आवडता विषय कुणी काढलाच नाही म्हणून मीच काढतो. फॉर्ममधलं युजरनेम सर्चच्या फिल्टरमध्ये (शोधाच्या अटीत) तसंच चिकटवलंय का?

कुणी युजरनेम म्हणून नुसतं * टाकलं तर फिल्टर सगळ्यांनाच लागू पडतो. तुमची स्क्रिप्ट पहिली नोंद उचलत असेल, तर तो पासवर्ड पहिल्याच माणसावर तपासला जातो. अर्धं नाव आणि पुढे * टाकणारा आणखी हुशार. कंस टाकणारा त्याच्याही पुढचा, तो फिल्टरच आपल्याला हवा तसा वाकवतो.

आरएफसी ४५१५ मध्ये पळवाट बुजवून ठेवलीय. तारा, दोन्ही कंस, बॅकस्लॅश आणि शून्य बाइट, या प्रत्येकाच्या जागी बॅकस्लॅश आणि दोन अंकी हेक्स. ताऱ्याला २ए, कंसांना २८ आणि २९. हातानं करू नका, प्रत्येक लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन असतं. आणि सर्चमधून नेमकी एकच नोंद आली पाहिजे. शून्य आल्या, दोन आल्या, दोन्ही वेळी नकार.

शंकासुर
नुसतं * टाकून पाहिलं. स्क्रिप्टने डिरेक्टरीतल्या पहिल्या माणसाला शोधून त्याच्यावर बाइंड केलं. काय बोलणार. दुरुस्त केलं.

दाराशीच_थांबा
सगळ्यांचे प्रतिसाद छान आहेत, पण मूळ प्रश्नालाच कुणी हात घालत नाहीये. वर्कफ्लोने माणसाचा पासवर्ड हातात घ्यावाच का?

ओआयडीसी किंवा सॅमल (वेगळ्या सर्व्हरकडून ओळख पटवून घ्यायच्या पद्धती) लावा. माणूस ओळख-सर्व्हरच्या पानावर लॉगिन करेल, वर्कफ्लोच्या हाती फक्त सही केलेलं टोकन येईल. पासवर्ड तुमच्याकडे आलाच नाही तर तो तुमच्याकडून गळायचा प्रश्नच नाही. शिवाय एलडॅप बाइंड दुसरा घटक विचारत नाही. म्हणजे मोबाइलवरचा कोड वगैरे सगळीकडे सक्तीचा केलात, आणि या फॉर्मने तुम्हीच मागच्या बाजूला नुसत्या पासवर्डवर उघडणारं दार ठेवलंत.

खटपट्या
तत्त्वतः मान्य. पण प्रत्येकाकडे ओळख-सर्व्हर नसतो. असला तरी वर्कफ्लो टूलच्या फॉर्मला ते जोडता येईलच असं नाही. शंकासुरांनी विचारलंय बाइंडबद्दल, त्यांना "घर पाडून नवं बांधा" सांगून काय उपयोग?

दाराशीच_थांबा
पाडायला सांगत नाहीये. निदान एवढं बघा म्हणतो: टूलची एक्झिक्युशन हिस्ट्री उघडा, फॉर्मच्या नोडवर टिचकी मारा, आणि तिथे काय दिसतं ते इथे सांगा.

शंकासुर
दिसलं.

गेल्या चार दिवसांत ज्यांनी चाचणीसाठी फॉर्म भरला त्या सगळ्यांचे पासवर्ड. साधे, वाचता येण्यासारखे. साहेबांचाही. टूल प्रत्येक पायरीत आत आलेला आणि बाहेर गेलेला डेटा जपून ठेवतं, आणि ती हिस्ट्री टीममधल्या सगळ्यांना उघडते. मीच गेले चार दिवस त्या पानावर बसून डीबग करत होतो, आणि एकदाही ते पासवर्ड म्हणून डोळ्यांना दिसले नाहीत.

जुनी_खोड
हे सगळ्यांचंच होतं, वाईट वाटून घेऊ नका. आज करायचं ते असं: त्या वर्कफ्लोपुरती हिस्ट्री साठवणं बंद करा, यशस्वी आणि फसलेल्या दोन्ही फेऱ्यांसाठी. फसलेल्यांची साठवण राहून जाते, आणि त्यातच टायपिंगला एका अक्षराने चुकलेले खरे पासवर्ड असतात. जुन्या फेऱ्या पुसा. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये त्या गेल्यात का ते विचारा. ज्यांनी फॉर्म भरला त्यांना पासवर्ड बदलायला सांगा, साहेबांनाही. अवघड संभाषण आहे खरं.

मग रचना बदला. खटपट्या आणि दाराशीच_थांबा दोघांच्या मधली वाट आहे. तपासणारी छोटी सेवा वर्कफ्लोच्या बाहेर ठेवा. फॉर्म थेट तिला पासवर्ड देईल, ती बाइंड करून पासवर्ड विसरेल आणि वर्कफ्लोला फक्त एवढं कळवेल की अमुक माणूस, अमुक वेळी, पटला. या उत्तरावर सही आणि दोन-तीन मिनिटांची मुदत. पुढे ओळख-सर्व्हर आलाच, तर फक्त ही सेवा काढून तो बसवायचा, वर्कफ्लोला पत्ताही लागणार नाही.

दाराशीच_थांबा
हे चालेल. दुसऱ्या घटकाचा मुद्दा तेवढा उरतो. पैसे किंवा परवानग्या हलवणाऱ्या विनंत्या या वाटेने घेऊ नका.

निवांत
अवांतर, पण कुणाचा तरी दिवस वाचेल. स्क्रिप्टऐवजी ओपनएलडॅपची कमांड वापरणाऱ्यांनो, लहान डब्ल्यू देऊन पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, प्रोसेसच्या यादीत तो मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो. लहान वाय देऊन फाइलमधून द्या. मात्र वाय फाइलमधलं सगळंच्या सगळं पासवर्ड मानतो, शेवटच्या नवओळीसकट. एडिटरने गुपचूप घातलेल्या त्या एका अदृश्य अक्षरापायी मी एक अख्खी दुपार "पासवर्ड तर बरोबर आहे" असं पुटपुटत काढलीय.

बिनटोप्याची_पेन
आमच्याकडे विंडोजवरची तयार पद्धत वापरतात, युजरनेम-पासवर्ड दिला की हो-नाही सांगणारी. तिने काल जुन्या पासवर्डलाही "हो" म्हटलं. पासवर्ड बदलून वीस मिनिटं झाली होती. बग आहे का?

रात्रपाळी
बहुतेक नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्ड बदलल्यावर एनटीएलएमच्या (विंडोजची जुनी ओळख-पद्धत) मार्गाने जुना पासवर्ड तासभर चालतो. ६० मिनिटांची ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे, बदललेला पासवर्ड सगळ्या डोमेन कंट्रोलरांपर्यंत (ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे सर्व्हर) पोचेस्तोवर कामं अडू नयेत म्हणून. रजिस्ट्रीतून ती कमी करता येते. चाचणी करताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर स्वतःच्या स्क्रिप्टवर उगाच संशय घ्याल.

नावात_काय
आणखी एक, कारण यावर मी भाजून निघालोय. सर्व्हिस अकाउंटचं सर्चवालं कनेक्शन आणि माणसाच्या बाइंडचं कनेक्शन वेगळं ठेवा. एकाच कनेक्शनवर पुन्हा बाइंड केलं की जुनी ओळख पुसली जाते. बाइंड फसलं तर ते कनेक्शन अनामिक होतं. जमलं तर पुढचे सर्च त्या माणसाच्या अधिकाराने होतात. कनेक्शन पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं आळीपाळीने वापरणं) असेल तर हा घोळ पुढच्याच्या माथी, आणि रोज वेगळ्याच माणसाला वेगळीच एरर.

शंकासुर
दहा दिवसांनी परत आलोय. हिशेब देतो.

पासवर्ड बदलायला सांगायचं संभाषण झालं. वाटलं होतं त्यापेक्षा बरं गेलं, तपशील नको. तपासणी बाहेरच्या सेवेत नेली. रिट्राय फक्त "कळलं नाही" ला. फॉर्म भरणाऱ्याला तीन वेगळे संदेश, बाकी सगळं लॉगमध्ये. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं बाइंड ओपनएलडॅपवर अजून होत होतं, कारण आमच्याकडे सोडून गेल्याची खूण एका साध्या ॲट्रिब्यूटमध्ये करतात आणि बाइंडला तिच्याशी काही देणंघेणं नाही. ती खूण आता बाइंडनंतर वेगळी वाचतो.

आणि एक नवीन भूत निघालं. वर्कफ्लोच्या नोंदींत एकच बाई तीन माणसं म्हणून दिसायला लागली. एकदा युजरनेम मोठ्या अक्षरात, एकदा लहान, एकदा मागे एक स्पेस. डिरेक्टरीला तिन्ही सारखंच, यूआयडीची तुलना ती लहान-मोठं अक्षर आणि मागची-पुढची स्पेस सोडून करते. त्यामुळे बाइंड तिन्ही वेळा झालं, पण वर्कफ्लोला तीन वेगळे मजकूर मिळाले, आणि "एका माणसाची एकच विनंती" हा आमचा नियम तिने तीनदा ओलांडला. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

जुनी_खोड
फॉर्ममध्ये टाकलेलं युजरनेम पुढे पाठवताय, म्हणून हे होतंय. ते शोधण्यापुरतंच वापरा. नोंद सापडली की तिच्यातला न बदलणारा ओळखक्रमांक उचला, ओपनएलडॅपमध्ये एंट्री-यूयूआयडी, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्ट-जीयूआयडी, आणि सही केलेल्या उत्तरात तोच घाला. उद्या तिने आडनाव बदलून युजरनेम नवं घेतलं तरी तो क्रमांक बदलत नाही.

पासवर्डच्या मागची स्पेस मात्र कापू नका हं. ती कुणाच्या तरी पासवर्डचा भाग असू शकते.

शंकासुर
...पासवर्डवरही ट्रिम लावलेलं होतं. काढलं.